बारावी सुई

१

"अकरा," रुपाली परब म्हणाली.

"फळ्यावर बारा आहेत," मेघना तोरसकर म्हणाली.

परळच्या नर्मदाबाई रुग्णालयातल्या एक नंबर ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. सोमवार होता, दुपारी पाऊणची वेळ. टेबलावर लालबागच्या आनंदीबाई म्हसकर होत्या. वय एकसष्ट, आतडं अडकलेलं. ते सोडवून झालं होतं, मध्येच सुरू झालेला रक्तस्राव थांबला होता, आता फक्त पोट शिवायचं राहिलं होतं. पण पोट शिवायच्या आधी सुया मोजायच्या, हा गेल्या आठ महिन्यांचा नियम होता आणि तो सिस्टर रुपालीनेच आणलेला होता. टाक्याचा प्रत्येक धागा स्वतःची सुई घेऊनच पाकिटातून निघतो. जेवढी पाकिटं फुटली तेवढ्या सुया परत यायला हव्यात.

"परत मोज," सर्जन डॉ. हेरंब सोहोनी म्हणाले.

रुपालीने परत मोजल्या. अकराच. मेघनाने ट्रेमधली रिकामी पाकिटं मोजली. बारा.

मग शोधाशोध सुरू झाली. लोहचुंबक लावलेली काठी जमिनीवरून फिरली. चादरी झटकल्या, बादल्या उपसल्या, चपलांचे तळवे पाहिले. डॉक्टरांनी पोटात पुन्हा बोटं घालून इंच इंच चाचपलं. एक्स-रेचं मशीन आत आणलं. फोटोत काही दिसलं नाही, पण इतकी बारीक सुई फोटोत दिसेलच असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगेना.

आनंदीबाई पंचावन्न मिनिटं उघड्या पोटाने टेबलावर होत्या. शेवटी भूलतज्ज्ञांनी सांगितलं, "हेरंब, बस्स. बी.पी. साथ देत नाही."

पोट शिवलं गेलं. बारावी सुई मिळालीच नाही.

२

मंगळवारी सकाळी अधीक्षक डॉ. मनवा चित्रे यांनी सुभद्रा सावंतला बोलावून घेतलं.

सुभद्रा रुग्णालयाची जंतुसंसर्ग नियंत्रण सिस्टर. वय सत्तावन्न, नोकरी चौतीस वर्षांची, त्यातली एकवीस ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, अखेरची नऊ तिथली इनचार्ज म्हणून. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने ओटी सोडली. आता वॉर्डावॉर्डांतून फिरून कोण हात धुतं, कोण नाही, ते बघायचं काम.

"उद्या दुपारी सुरक्षा समितीची बैठक आहे," चित्रे मॅडम म्हणाल्या. "रुपालीची पद्धत चारही थिएटर्सना लागू करायची, असं ठरल्यात जमा होतं. आता सोहोनी म्हणतात, पद्धतच बंद करा. रुपालीला मी तूर्त ड्यूटीवरून काढलंय. सिस्टर, एक तर ती सुई कुठे गेली ते सांगा, नाहीतर कुणामुळे गेली ते."

"मीच का?"

"तुम्ही ओटीतल्या प्रत्येकाला ओळखता. आणि रुपालीची बाजू घ्याल असं कुणी म्हणणार नाही."

सुभद्रा उठली. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं तर.

बाहेर जिन्यापाशी ती पाटी होती: 'सुरक्षित शस्त्रक्रिया: रुपाली पद्धत'. खाली रुपालीचा हसरा फोटो. पिवळा ट्रे, ज्यात सुरी ठेवायची आणि समोरच्याने उचलायची, हातातून हातात द्यायची नाही. सुया मोठ्याने मोजायच्या, एकीने म्हणायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. रिकामी पाकिटं शेवटपर्यंत जपायची. फळ्याचा फोटो काढायचा. कुणाला सुई टोचली तर लपवायचं नाही, वहीत लिहायचं. आठ महिन्यांत टोचण्याच्या घटना एकोणीसवरून चारवर आल्या होत्या.

गेले आठ महिने सुभद्रा दुसऱ्या जिन्याने चढत होती. गुडघ्यांना तो जिना जास्त त्रासाचा होता, तरीही. एकवीस वर्षं तिने तोंडातल्या तोंडात मोजलं होतं, कधी चुकली नव्हती, आणि तिच्या नावाची पाटी कुणी लावली नव्हती. ही चौतीस वर्षांची मुलगी आली, चार नियम लिहून काढले, आणि जिन्यावर जाऊन बसली.

सुई हरवल्याचं काल कळलं तेव्हा सुभद्राला पहिल्यांदा काय वाटलं होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नसतं. तिला बरं वाटलं होतं.

३

"नॉन्सेन्स आहे सगळा," डॉ. सोहोनी म्हणाले. "रक्त उसळतंय, दिव्याचं हँडल सैल होऊन दिवा सारखा खाली झुकतोय, मी एका हाताने तो सावरतोय, आणि मागे बायकांचं पाढे म्हणणं चालू! पाचेक मिनिटांत मीच हँडल घट्ट केलं म्हणून निभावलं."

"दुरुस्तीला कुणाला बोलावलं नाही?"

"कशाला? बोललोही नाही कुणाला. सुईपुढे दिव्याचं काय घेऊन बसलात!"

त्यांचा असिस्टंट डॉ. अनिश कानकोनकर सव्वीस वर्षांचा. रुपालीच्या वहीत त्याचं नाव दोनदा होतं, दोन्ही वेळा सुरी घाईघाईने हातात दिल्याबद्दल.

"राग नाही आला?" सुभद्राने विचारलं.

"आला ना! माझ्या बॅचच्या कुणाचंच नाव नाही त्यात. त्यांचे सर लिहूनच देत नाहीत." मग तो ओशाळला. "पण सिस्टर, दुसऱ्यांदा रुपालीचं बोट कापलं होतं. माझ्यामुळे. ते लिहायलाच हवं होतं."

"काल तू फळ्याजवळ गेला होतास?"

"मी कसा जाणार? गाऊन, ग्लोव्हज घालून टेबलाशी होतो. फळ्याला हात लावला असता तर परत स्क्रब करावं लागलं असतं. सगळ्यांना दिसलं असतं."

हे खरं होतं. टेबलाशी निर्जंतुक हातांनी उभे असलेले तिघे: सोहोनी, अनिश, रुपाली. फळा, मार्कर, रिकाम्या पाकिटांचा ट्रे या गोष्टी बाहेरच्या बाजूच्या, फ्लोअर सिस्टरच्या. म्हणजे मेघनाच्या.

मेघना नर्सेसच्या खोलीत चहा ओतत होती. रुपालीच्याच बॅचची, दोघी हॉस्टेलला एका खोलीत राहिलेल्या. सुभद्रानेच दोघींना शिकवलं होतं. मेघनाच्या कपातला चहा थोडा बशीत सांडला.

"मी पूर्ण वेळ आत होते, सिस्टर. रुपाली मागेल तो धागा फोडला, रेघ ओढली, पाकीट ट्रेमध्ये टाकलं."

"बाहेर गेली नाहीस?"

"एक मिनिटही नाही."

"पाटीवर तुझा फोटो का नाही, मेघना? पिवळ्या ट्रेची कल्पना तुम्हा दोघींची होती ना?"

मेघनाने कप खाली ठेवला. "तिला इंग्लिशमध्ये प्रेझेंटेशन देता येतं. मला नाही येत. एवढंच." मग म्हणाली, "आधी आम्ही डबा एकत्र खायचो. आता तिला मीटिंग असते."

शेवटी दळवी ब्रदर. प्रफुल्ल दळवी, अठ्ठेचाळीस वर्षांचे, ओटीचे सध्याचे इनचार्ज. शर्टाची घडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

"मी दोन नंबरमध्ये होतो," ते म्हणाले. "एक नंबरमध्ये काल पाऊल टाकलं नाही. पण जे झालं ते होणारच होतं, सिस्टर. तुम्हीच सांगा, दिवा झुकतोय, रक्त थांबत नाही, त्यात कोण मोजणार? आपण डोक्यात ठेवायचो. तुमच्या हाताखाली शिकलोय मी."

सुभद्राला हे ऐकून गोड वाटलं, आणि दोन पावलं गेल्यावर त्याच गोडव्याची तिला शरम वाटली.

४

ती आनंदीबाईंना भेटायला गेली. आनंदीबाई पाठीवर ताठ पडून होत्या, दोन्ही हात पोटापासून दूर, जणू पोट दुसऱ्या कुणाचं आहे.

"गो बाय," त्या हळूच म्हणाल्या, "कुशीर वळलंय तर टोचात काय गो ता?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"झीलाक सांगल्यानी डॉक्टरांनी. तो भायर जावन रडलो. माका दिसला ता." मुलाच्या आठवणीने त्यांनी छताकडे पाहिलं. "सुई असली तर असांदे. पण खंय आसा ती सांगा. रातभर मी श्वाससुद्धा मोजून घेतलंय."

सुभद्राने त्यांच्या कपाळावर हात ठेवला.  काल आपल्याला बरं वाटलं होतं, हे तिला आठवलं.

ती सरळ चित्रे मॅडमच्या कचेरीत गेली आणि सीलबंद पिशवी मागितली. रुपालीच्या नियमाप्रमाणे रिकामी पाकिटं त्यात ठेवली होती. चष्मा पुसून तिने बाराही पाकिटं टेबलावर ओळीने मांडली. एकाच कंपनीची, एकाच जाडीच्या धाग्याची, एकाच रंगाची. दिसायला जुळी भावंडं.

मग तिने ती उलटी केली.

मागे बॅच नंबर छापलेला असतो आणि खाली मुदत. अकरा पाकिटांवर एकच नंबर. मुदत अजून तीन वर्षांची.

बाराव्यावर वेगळाच नंबर होता. आणि त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती.

सुभद्रा एक नंबर थिएटरमध्ये गेली. कपाटातल्या उघड्या खोक्यावरचा नंबर पाहिला: अकरा पाकिटांचाच. स्टोअरच्या माणसाने सांगितलं, मुदत संपलेलं पाकीट ओटीत शिरूच शकत नाही. तसे धागे सरावाच्या खोलीत जातात, शिकाऊ मुलांना गाठी मारायला.

म्हणजे ते पाकीट त्या खोक्यातून आलंच नव्हतं. कुणीतरी ते रिकामं करून बाहेरून आणलं होतं आणि ट्रेमध्ये टाकलं होतं. बारावी सुई आनंदीबाईंच्या पोटात नव्हती. ती त्या थिएटरमध्येच कधी नव्हती.

तिला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. कारण सरावाच्या खोलीच्या कपाटाला एकच किल्ली होती आणि ती सुभद्राच्या कमरेला होती.

५

गेल्या महिन्याभरात ते कपाट तिने तिघांना उघडून दिलं होतं. अनिशला, गाठींचा सराव करायला. मेघनाला, नर्सिंगच्या मुलींना शिकवायला. दळवींना, नव्या तंत्रज्ञांना धागे ओळखायला शिकवण्यासाठी. चौथी व्यक्ती ती स्वतः.

संध्याकाळी ती रुपालीच्या घरी गेली. भायखळ्याला, तिसऱ्या मजल्यावर. रुपालीने दार उघडलं आणि तिला बघून तिचा चेहरा आणखीच उतरला.

"तुम्ही खुश असाल ना, सिस्टर?"

"काल होते," सुभद्रा म्हणाली. "आज नाही. फळ्याचा फोटो दाखव."

रुपालीने फोन पुढे केला. पांढऱ्या फळ्यावर काळ्या मार्करच्या बारा उभ्या रेघा. सुभद्राने चित्र बोटांनी मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"मोजताना काय झालं? सगळं सांग. जे सांगावंसं वाटत नाही तेसुद्धा."

रुपाली खुर्चीच्या कडेवर बसली. "दहापर्यंत बरोबर होतं. मी म्हणायचे, मेघना उत्तर द्यायची. मग रक्त उसळलं. मी धागा मागितला, धागा आला. मी 'अकरा' म्हटलं. मागून उत्तर आलं नाही."

"मागे वळून पाहिलंस?"

"नाही. डोळे काढताच येत नव्हते तिथून."

"मग?"

"मग मी पुढे गेले," रुपाली म्हणाली. "माझाच नियम. उत्तर आलं नाही तर थांबायचं. मी थांबले नाही. बारा मी म्हटलं होतं का, तेही आठवत नाही मला. कदाचित खरंच सुई आत असेल, सिस्टर. मीच सोडली असेल."

सुभद्राने तिला पाकिटाचं सांगितलं. रुपाली दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. सुभद्राला तिच्या पाठीवरून हात फिरवता आला असता. तिने पाणी आणून दिलं. तेवढंच जमलं.

"बाहेरचं पाकीट कुणी टाकलं?" रुपालीने शेवटी विचारलं. "मेघनाने?"

"मेघना डावखुरी आहे," सुभद्रा म्हणाली. "हॉस्टेलपासून तुला माहीत आहे. या पहिल्या दहा रेघा बघ. सगळ्या डावीकडे कललेल्या. आणि शेवटच्या दोन?"

रुपालीने फोन जवळ धरला. शेवटच्या दोन रेघा उजवीकडे झुकल्या होत्या.

"उत्तर आलं नाही, कारण उत्तर देणारी तिथे नव्हती," सुभद्रा म्हणाली. "मेघना खोटं बोलतेय. आता फक्त एवढंच शोधायचंय की ती कशासाठी बोलतेय."

आणि जिना उतरताना तिला आठवलं. सकाळी डावखुरी मेघना उजव्या हाताने चहा ओतत होती.

६

बुधवारी सकाळी सात वाजता, ड्यूटी सुरू व्हायच्या आधी, सुभद्राने मेघनाला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं आणि दाराला कडी लावली.

"डावा हात पुढे कर."

"का?"

"कर म्हणते ना."

मेघनाने हात पुढे केला. तर्जनीच्या टोकाला कातडीच्या रंगाची पट्टी होती.

"कधी टोचली?"

मेघनाने हात मागे घेतला. सुभद्राने आवाज चढवला नाही. "सोमवारी, ना? आज बुधवार. संसर्ग टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि त्यातले पहिले तास सगळ्यात मोलाचे. तू पोरीबाळींना हे शिकवतेस, मेघना. तुझ्या घरात चार वर्षांचं लेकरू आहे."

मेघना बाकावर बसली. "डबा भरलेला होता," ती म्हणाली. "वापरलेल्या सुयांचा. तीन चतुर्थांश भरला की बदलायचा, पण दोन दिवस कुणी बदललाच नव्हता. मी आनंदीबाईंची सिरिंज टाकायला गेले, ती आत जाईना आणि उलटून तिचीच सुई बोटात शिरली. रक्त आलं. दार उघडून बाहेर बेसिनपाशी पळाले."

"आणि बाहेर कोण होतं?"

"दळवी ब्रदर. कॉरिडॉरमध्येच उभे होते. म्हटलं, पाच मिनिटं आत थांबा, कुणाला सांगू नका. ते लगेच आत गेले. परत आले तेव्हा फळ्यावर बारा होत्या. मला वाटलं, मागितले असतील दोन."

"परत आल्यावर दिवा कसा होता?"

"दिवा?" मेघना गोंधळली. "दिव्याला काय झालं होतं?"

सुभद्राने मान हलवली. तिला हवं ते मिळालं होतं.

"का लपवलंस?"

मेघनाचा चेहरा आक्रसला. "टोचलं की रुपालीच्या वहीत लिहायचं. वेळ, तारीख, कारण. आणि ती महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. अगदी गोड आवाजात. मला तिच्या वहीत जायचं नव्हतं, सिस्टर. दुसऱ्या कुणाचीही वही असती तर मी लिहिलं असतं."

सुभद्राने तिचा हात धरला आणि तिला कॅज्युअल्टीत नेलं. रक्त दिलं, गोळ्यांचा पहिला डोस समोर उभं राहून गिळायला लावला. आनंदीबाईंनी त्यांच्या रक्ताच्या तपासणीला लगेच होकार दिला; सुईचं मात्र समितीत सिद्ध होईपर्यंत त्यांना सांगता येत नव्हतं. "पोरीचा बोट माझ्यापायी फुटला," त्या म्हणाल्या, "घेवा हवा तितक्या रगत."

"दुपारी समितीसमोर बोलशील?" सुभद्राने मेघनाला विचारलं.

"माझी नोकरी जाईल."

"खोटं बोलल्याबद्दल मेमो मिळेल. नोकरी जाणार नाही, ते माझ्याकडे लागलं. पण तू गप्प राहिलीस तर रुपालीची जाईल."

मेघनाने पट्टीकडे पाहिलं. "बोलेन," ती म्हणाली.

७

बैठकीच्या खोलीत सात माणसं होती. सुभद्रा उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने टेबलाची कड धरून ठेवली.

"सुई पोटात नाही," ती म्हणाली, आणि बारावं पाकीट चित्रे मॅडमपुढे ठेवलं. "मागची मुदत वाचा. हे सरावाच्या खोलीतलं आहे. किल्ली माझ्याकडे असते, तेव्हा संशय आधी माझ्यावर घ्या. सोमवारी सकाळी नऊ ते दीड मी बालरुग्ण विभागात होते, तिथली चार माणसं सांगतील. कपाट मी तिघांना उघडून दिलं होतं. डॉ. अनिश, मेघना आणि दळवी."

डॉ. सोहोनी खुर्चीत सरसावून बसले.

"डॉ. अनिश टेबल सोडून फळ्याकडे जाऊ शकत नव्हते. मेघना डावखुरी आहे, शेवटच्या दोन रेघा उजव्या हाताच्या आहेत. म्हणजे मेघनाच्या जागी कुणीतरी उभं होतं; मास्क-टोपीत, आणि सगळ्यांची नजर रक्तावर, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. एक धागा रुपालीने मागितला, तो त्याने दिला. रेघा मात्र दोन ओढल्या आणि पाकिटंही दोन टाकली." ती वळली. "दळवी, तुम्ही मला म्हणालात, एक नंबरमध्ये पाऊल टाकलं नाही. आणि त्याच दमात म्हणालात, दिवा झुकतोय. दिवा फक्त पाच मिनिटं झुकत होता. डॉक्टरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मेघनालासुद्धा माहीत नाही, कारण त्या पाच मिनिटांत ती बाहेर होती. मग तुम्हाला कसं माहीत?"

"कुणीतरी बोललं असेल," दळवी म्हणाले.

"मी तुम्हाला आत पाठवलं होतं, ब्रदर," मेघना म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

दळवींनी शर्टाची बाही सारखी केली. मग पुन्हा सारखी केली.

"चार दिवस ते पाकीट खिशात घेऊन हिंडत होतो," ते म्हणाले. "टाकेनच असं नव्हतं. मेघना धावत बाहेर आली आणि मला वाटलं, हीच वेळ. दहा मिनिटं गोंधळ होईल, पद्धत फसली म्हणतील, पाटी उतरेल. पंचावन्न मिनिटं टेबलावर ठेवतील असं वाटलं नव्हतं. दोनदा तोंड उघडलं होतं मी. दारापर्यंत गेलो होतो."

"पण का?" चित्रे मॅडमनी विचारलं. "तुम्ही इनचार्ज आहात. रुपाली तुमच्याच हाताखाली—"

"रिकामी पाकिटं जपायची ही कल्पना कुणाची आहे, मॅडम?" दळवींचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "अकरा वर्षांपूर्वी मी कागद लिहून दिला होता. दोन पानं. पाकिटं ठेवा, दोघांनी मोठ्याने मोजा, फळ्यावर लिहा. विचारा सावंत सिस्टरना. त्यांच्याच हातात दिला होता."

सगळ्यांनी सुभद्राकडे पाहिलं.

'आठवत नाही' म्हणणं सोपं होतं. अकरा वर्षं झाली होती, कागद कुणाकडे नव्हता.

"दिला होता," ती म्हणाली. "मी तो टेबलाच्या खणात टाकला. चांगला होता. चांगला होता म्हणूनच टाकला. मला सुचायला हवं होतं ते माझ्या हाताखालच्या माणसाला सुचलं, हे मला सहन झालं नाही. तो कागद तेव्हा वर गेला असता तर जिन्यावरच्या पाटीवर दळवींचं नाव असतं. हे लिहून घ्या, मॅडम. पण आनंदीबाईंच्या पोटाशी माझ्या खणाचा काही संबंध नव्हता, दळवी. त्या बाई दोन दिवस श्वास मोजून घेतायत."

दळवींनी मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केली नाही.

८

दळवींना त्याच दिवशी निलंबित केलं. पुढे चौकशी झाली आणि त्यांना जावं लागलं. सुभद्राच्या फायलीतही एक कागद लागला. तिने तो सही करून घेतला.

आनंदीबाईंना खरं काय ते तिनेच सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं, दळवींना चार सणसणीत मालवणी शिव्या घातल्या आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पेज मागितली. त्यांच्या रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरांनी मेघनाच्या गोळ्या थांबवल्या. पुढच्या तपासण्या व्हायच्या होत्या, पण तिचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात समिती परत बसली. पद्धत चारही थिएटर्सना लागू झाली. सुयांचे डबे रोज सकाळी बदलायचे ठरलं, भरोत वा न भरोत. टोचल्याची नोंद यापुढे बंद पाकिटात जंतुसंसर्ग विभागाकडे जाईल आणि नाव वाचून दाखवलं जाणार नाही, हे सुभद्राने मांडलं. रुपालीने लगेच मान्य केलं, पण मेघनाकडे न बघता.

"आणि नाव?" चित्रे मॅडम म्हणाल्या. "एवढं सगळं झाल्यावर, नुसतं 'सुरक्षित शस्त्रक्रिया पद्धत' म्हटलं तर?"

सगळ्यांना वाटलं, रुपाली हो म्हणेल.

"नाव राहू दे, मॅडम," रुपाली म्हणाली. "आठ महिने मी शिव्या खाल्ल्यात त्यासाठी. दळवी ब्रदरांचा कागद होता हे खाली लिहा. ट्रेसाठी मेघनाचं नाव लिहा, ते मी आधीच सांगायला हवं होतं. पण माझं काढू नका. आणि एक वाढवा. मोजताना उत्तर आलं नाही तर काम थांबेल. डॉक्टर कितीही ओरडले तरी."

डॉ. सोहोनी काहीतरी बोलणार होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हात वर केला, संमतीचा.

बाहेर जिन्यापाशी रुपालीने सुभद्राला गाठलं.

"सिस्टर, माझा राग येतो ना तुम्हाला?"

"राग नाही गं," सुभद्रा म्हणाली. "हेवा वाटतो."

"अजून?"

"मघाशी तू नाव राहू दे म्हणालीस ना, तेव्हा तर जास्तच. मी असते तर 'काढा' म्हटलं असतं आणि मग जन्मभर कुढत बसले असते."

रुपालीला हसावं की नाही ते कळेना. ती जिन्याच्या कठड्याला टेकली. "मेघना माझ्याशी बोलत नाहीये. उद्यापासून आठवडाभर रजेवर आहे. फ्लोअरला कोणीच नाही. सोहोनींची लिस्ट आहे, चार केसेस." तिने सुभद्राच्या पायांकडे पाहिलं. "तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. किती वाजता?"

"साडेसातला."

"मी मोठ्याने कधी मोजलेलं नाही. चुकले तर?"

"तर मी थांबेन," रुपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा सव्वासातलाच ओटीत हजर होती.